सव्वीस मणके की सत्तावीस

"स्पिरिटची बरणी घेऊन दवाखान्यात यायचं नाही," असं डॉक्टरनं आपल्या आईला फोनवर तीनदा बजावलं होतं. आई तिन्ही वेळा "बरं" म्हणाली होती, आणि दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ती बरणी घेऊनच दवाखान्यात आली.

"आई, मी काय सांगितलं होतं? नुसता मासा आण, ओल्या कापडात गुंडाळून."

"सुकला असता."

"अर्ध्या तासात?"

"सुकला असता, ठकी. तुला दातांतलं कळतं, माशांतलं नाही."

एक ते दोन ही दवाखान्याची जेवणाची सुट्टी. दिवसातला तेवढाच तास डॉक्टरचा स्वतःचा. बूट काढायचे, पाय समोरच्या स्टुलावर टाकायचे आणि कुणाच्याही तोंडात न डोकावता डबा खायचा, एवढंच तिचं मागणं असे. ती चव्वेचाळीस वर्षांची झाली होती, दोन खुर्च्यांचा दवाखाना चालवत होती, अख्खा रस्ता तिला डॉक्टर म्हणून ओळखत होता. ठकी म्हणणारी माणसं जगात दोनच होती, आणि ती दोघंही पेशंटसमोर बिनदिक्कत तसं म्हणत.

आई तीस वर्षं संग्रहालयात मासे ओळखण्याचं काम करून निवृत्त झालेली. मासे म्हणजे ताटात येणारे नव्हेत. समुद्राच्या तळाशी चिखलात बीळ करून राहणारे, बोटाच्या दोन पेरांएवढे, राखाडी, कुणाच्या अध्यात ना मध्यात असे मासे. त्यांना गोबी म्हणतात. "भाजीतली नव्हे," असं आई दर वेळी पुढे जोडते, समोरचा माणूस दर वेळी हसतो आणि लेक दर वेळी दातओठ खाते. या माशांच्या जाती शेकड्यांनी, आणि एक झाकावी नि दुसरी काढावी इतक्या सारख्या. वेगळ्या ओळखायच्या तर परांतले काटे मोजा, गालावरची सुईच्या टोकाएवढी भोकं मोजा, आणि एवढ्यानंही भागलं नाही तर पाठीचे मणके मोजा. मणके मोजायला एक्स-रे लागतो. संग्रहालयाचं यंत्र आठ महिने बंद होतं, आणि सुरू असतं तरी निवृत्त बाईचा अर्ज म्हणजे भिजत घोंगडं. दातांच्या एक्स-रेची गोष्ट मात्र वेगळी. तोंडात धरायची ती काळी पट्टी आगपेटीपेक्षा लहान, आणि मासा बत्तीस मिलिमीटर. जणू माप घेऊनच बेतलेला.

"पाच मिनिटांचं काम आहे," आई म्हणाली आणि तिनं बरणी सरळ काउंटरवर ठेवली.

काउंटरवरच्या बाई दवाखाना उघडला तेव्हापासूनच्या. नोंद झाल्याशिवाय त्या इथं कुणाला जांभईसुद्धा देऊ देत नसत. त्यांनी बरणीकडे पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि रजिस्टर उघडलं.

"यंत्र सुरू करायचं तर नोंद लागेल. नाव?"

"ठरायचंय," आई म्हणाली.

"वय?"

"वर्ष, दीड वर्ष."

"तक्रार काय?"

"तक्रार माझी आहे," डॉक्टर म्हणाली. "लिहू नका काही. चल आई, आत चल लवकर."

पण इतक्या लवकर आत जाणं नशिबात नव्हतं. दार पुन्हा उघडलं आणि बाबा आत आले. हातात छत्री, अंगात कोपरांवर ठिगळं लावलेला जुना कोट, आणि कोटाच्या उजव्या खिशाला एक गोल फुगवटा. तो फुगवटा कसला, हे डॉक्टरला जन्मापासून ठाऊक होतं. बाबाही मासेवालेच. मत्स्यविद्येच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, आणि विषय तोच, तळाच्या चिखलातले तेच पेरभर मासे.

"तुम्ही कसे काय इथे?"

"जावईबापूंनी सांगितलं की. एक ते दोन मोकळी असते म्हणाले. या केव्हाही, म्हणाले."

डॉक्टरनं मनातल्या मनात नवऱ्याला चार शब्द ऐकवले. त्या माणसाला आयुष्यात कुणाला नाही म्हणणं जमलं नव्हतं. एरवी हा त्याचा गुण होता. आज मात्र त्याच गुणानं तिला आगीतून फुफाट्यात लोटलं होतं. कारण आईबाबा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकमेकांच्या देखत ते शेवटचे बसले होते ते नातीच्या शाळेतल्या बक्षीस-समारंभात, आणि तेही दोन टोकांच्या खुर्च्यांवर.

आईनं बाबांकडे पाहिलं नाही. त्यांच्या खिशाकडे पाहिलं.

"ठकी, तुझ्या वडिलांना विचार, खिशातल्या बरणीत काय आहे."

"बाबा, बरणीत काय आहे?"

"तिला सांग, तिच्या बरणीत जे आहे तेच. फक्त माझे नर आहेत आणि तिच्या माद्या. आणि हे तिला कळलं नसेल, तर मला आश्चर्य वाटत नाही."

"त्यांना सांग, दोन वेगळ्या जाती आहेत. माझी जात अजून कुणी नोंदवलेलीच नाही. त्यांची जुनी आहे, पुस्तकातली. रस्त्यावरच्या कावळ्याइतकी साधी."

"मी मध्ये बसलेली पोस्टाची पेटी नाहीये," डॉक्टर म्हणाली. "मला जेवायचंय."

हा घोळ झाला होता त्या दोघांच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो बंदराच्या तोंडाशी तळाचा गाळ तपासायच्या कामावर होता. गाळात हे मासे सापडले. दोघांपैकी एकालाच पाठवावेत तर दुसऱ्याचा राग, म्हणून त्यानं दोघांनाही पाठवले. वाटणी करताना मात्र त्यानं दोन मांजरांतल्या माकडासारखी शहाणपणाची वाटणी केली. पाठीवरच्या पराला लांब दोरा असलेले सहा मासे बाबांना, आणि दोरा नसलेले, डोळ्याखाली काजळाची रेघ ओढलेले पाच मासे आईला. त्याला वाटलं, या दोन जाती. पाठवताना कुणाला काय पाठवलं हेही त्यानं दोघांना प्रामाणिकपणे कळवलं. तेव्हापासून दोघांचे रोज दोन-दोन फोन, आणि तेही डॉक्टरलाच.

भांडण समजायला तसं सोपं होतं. पुस्तकातल्या जुन्या जातीला मणके सव्वीस. बाबांचं म्हणणं, दोन्ही बरण्यांत तीच जात. मोजा, सगळीकडे सव्वीस भरतील. आईचं म्हणणं, त्यांच्यात सव्वीस भरतील, माझ्यात सत्तावीस.

"सव्वीस काय नि सत्तावीस काय," काउंटरवरच्या बाई पुटपुटल्या, "एका मणक्यानं कुणाचं काय अडतं?"

दोघांनी एकदम वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंनी रजिस्टर मिटून टाकलं.

डॉक्टरनं डब्याचं झाकण परत लावलं. यांना आत्ता बाहेर काढलं तर संध्याकाळी चार फोन, उद्या आठ. त्यापेक्षा एकदाचा सोक्षमोक्ष लागलेला बरा.

"या आत. पण एक सांगते. दोन वाजता माझा पेशंट आहे. त्याआधी तुम्ही, तुमच्या बरण्या आणि तुमचा वास, सगळं बाहेर पाहिजे."

तिनं पट्टीला प्लॅस्टिकचं वेष्टण चढवलं. आईनं चिमट्यानं मासा काढला, टिपकागदावर टेकवला आणि पट्टीवर तिरपा निजवला. शेपूट कडेला जेमतेम बसली. एरवी जिन्याचा कठडा धरणारी बाई, पण चिमटा हातात आला की तिचं बोट तसूभर हलत नसे. यंत्राचा जोर डॉक्टरनं लहान मुलांच्या पुढच्या दाताला लावतात त्याच्याही खाली आणला.

"अजून कमी," बाबा म्हणाले.

"बाबा, यंत्र माझं आहे."

"हाडं केसाएवढी असतात, ठकी. कमी कर."

"कमी कर," आई म्हणाली. म्हणून झाल्यावर, आपण बाबांच्याच बाजूनं बोललो हे लक्षात येऊन, तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

बटण दाबताना उभं राहायची जागा म्हणजे शिशाचा पत्रा घातलेल्या आडोशामागचा एका माणसापुरता कोपरा. तिथं तिघं उभी राहिली. बाबांच्या कोटाला स्पिरिटचा वास, आईच्या रुमालाला स्पिरिटचा वास. डॉक्टरचं अख्खं लहानपण याच वासात गेलं होतं. शाळेच्या डब्यालाही तो लागायचा, आणि मैत्रिणी नाक मुरडायच्या.

पडद्यावर मासा उमटला. बाहेरून बघावं तर राखाडी, मेंगळट, लक्षही जाऊ नये असा. आणि आत एकेक मणका मण्यासारखा ओवलेला, प्रत्येकाला वर एक काटा, खाली एक काटा, मागे पंख्यासारखी उघडलेली शेपूट. डॉक्टर रोज वीस एक्स-रे बघत असे. तरी हा तिनं मोठा करून पाहिला.

आई एका बाजूनं वाकली, बाबा दुसऱ्या बाजूनं. दोघांनी आपापली बोटं पडद्याजवळ नेली.

"एक, दोन, तीन, चार..."

दोघं एकाच वेळी मोजत होती. कुणी ठरवलं नव्हतं. एकच ठेका, एकच सूर. पाचावर किंचित थांबणं, दहावर श्वास घेणं. स्वयंपाकघरात भांडी घासता घासता, बाहेरच्या खोलीतून येणारं हे मोजणं डॉक्टरनं शेकडो वेळा ऐकलं होतं. तिला वाटलं होतं, आपण ते विसरलो. विसरली नव्हती, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. दीड वाजला होता, डबा तसाच पडला होता, आणि ही दोघं अकरा वर्षं तिचा जीव खाऊन आता इथे शाळेतल्या पोरांसारखी पाढे म्हणत होती.

"...पंचवीस, सव्वीस, सत्तावीस," आई म्हणाली.

बाबांचा आवाज सव्विसाशीच थांबला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, पुन्हा मोजलं.

"सत्तावीस," ते म्हणाले. मग घाईनं, "हा एक झाला. माझा बघू."

बाबांचा मासा पट्टीवर आला. पुन्हा आडोसा, पुन्हा बटण. या वेळी बाबांनी एकट्यानंच मोजलं आणि शेवटी टेबलावर थाप मारली. "सव्वीस! बघ. नीट बघ."

"बघितलं. मी तेच म्हणत होते," आई म्हणाली. "तुमची जुनी, माझी नवी. दोन जाती."

यावर बाबांचा चेहरा उतरला. मणके त्यांच्या म्हणण्याप्रमाणे भरले होते, पण वाद त्यामुळे आईच्या बाजूला गेला होता. "असं कसं होईल? गालावरची भोकं सारखी आहेत. कल्ल्यांचे दाते सारखे आहेत. हिला सांग, ठकी..."

"थांबा," डॉक्टर म्हणाली.

ती पडद्याकडे बघत होती. माशांतलं तिला खरंच कळत नव्हतं. पण दुधाच्या दातांत कधी कधी दोन दात जुळून एकच रुंद दात उगवतो, तो तिनं कित्येक पोरांच्या तोंडात पाहिला होता. आया हमखास म्हणतात, डॉक्टर, याला एक दात कमी आहे. कमी नसतो. मुळं दोन असतात.

"हा बघा. शेपटीकडून सहावा. हा शेजारच्या मणक्यांपेक्षा जाड आहे ना? आणि वर काटे किती आहेत?"

बाबा वाकले. आई वाकली.

"दोन," बाबा म्हणाले.

"खाली?"

"दोन."

"मग हे दोन मणके जुळलेत. हा एक नव्हे, दोन आहेत. मोजा आता."

बाबांनी बोट धरून पुन्हा मोजलं. सत्तावीस भरले. मग आई म्हणाली, "अहो, दुसरा काढा. तिसराही काढा. एकावर भरवसा नाही."

अहो. डॉक्टरनं आईकडे पाहिलं. आईच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ती बरणीचं झाकण फिरवत होती. बाबांच्या मात्र आलं होतं. त्यांनी दुसरा मासा काढला तो पट्टीवर वाकडाच टेकला, आणि आईनं चिमटा त्यांच्या हातून घेऊन मासा स्वतः निजवला.

बाबांचे आणखी दोन मासे झाले. सत्तावीस. सत्तावीस. दोन्हींत मणके सुटे, स्वच्छ, शंकेला जागा नाही.

म्हणजे दोन्ही बरण्यांत एकच जात होती. यात बाबा बरोबर. ती जात पुस्तकातली जुनी नव्हती, कुणी न नोंदवलेली नवी होती. यात आई बरोबर. डॉक्टरला वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. दोघंही जिंकली, आता दोघंही घरी जातील.

"म्हणजे माझं बरोबर होतं," बाबा म्हणाले.

"अर्धं," आई म्हणाली. "आणि ते अर्धंसुद्धा तुमच्या लेकीनं दाखवलं. तुम्ही सव्वीस म्हणून टेबल बडवत होतात."

"आणि तू दोन जाती म्हणून..."

"बाहेर," डॉक्टर म्हणाली. "दोघंही. माझा पेशंट आलाय."

पेशंट खरंच आला होता. गाल सुजलेला एक व्यायामशिक्षक बाहेरच्या बाकावर केव्हापासून बसून सगळं ऐकत होता. त्यानं दबकत विचारलं, "कोणता दात दुखतोय त्याचा?" बाबांनी त्याला बरणी दाखवायला घेतली तेव्हा डॉक्टरनं ती त्यांच्या हातून काढून काउंटरखाली ठेवली.

संध्याकाळी दवाखाना आवरताना तिला दिसलं की आईबाबा घरी गेलेलीच नव्हती. बाकाच्या दोन टोकांना बसली होती, मध्ये दोन बरण्या.

त्यांचं का फाटलं, हे लोक डॉक्टरला विचारत तेव्हा ती सांगे, एका माशावरून. लोक हसत, आणि विषय मिटे. खरं तसं नव्हतं. मासे ओळखायचा एक मोठा तक्ता दोघांनी मिळून बनवला होता. एकेक प्रश्न, हो असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे. नऊ वर्षांची मेहनत. आईची आई शेवटच्या दुखण्यात होती, आई महिनाभर तिच्या उशाशी होती, आणि त्या महिन्यात बाबांनी तक्त्यातला आईनं लिहिलेला एक प्रश्न काढून स्वतःचा घातला आणि तिला न विचारता छापायला दिला. आईनं तो छापून आल्यावर वाचला. बाबांचा प्रश्न बरोबर होता. आईचा चुकीचा होता. आणि म्हणूनच तर ते क्षमा करण्यासारखं नव्हतं. बाबा चुकले असते तर माफी मागून मोकळे झाले असते.

"ठकी," बाबा बाकावरून म्हणाले, "तुझ्या आईला सांग, लेख तिनं लिहावा. माझे नर मी तिला देतो. नाव तिचं एकटीचं घातलं तरी चालेल."

डॉक्टरनं हात टेकले. "ती दोन हातांवर बसलीये, बाबा. तुम्हीच सांगा."

बाबांनी छत्रीची मूठ दोनदा फिरवली. "लेख तू लिही," ते समोरच्या भिंतीला म्हणाले. "मी एक शब्द बदलणार नाही. बदलावासा वाटला तर आधी विचारीन. तेव्हा विचारायला हवं होतं."

आईनं बाबांची बरणी उचलून उजेडाकडे धरली.

"स्पिरिट किती पातळ केलंय हे! सगळे मासे सडले असते महिनाभरात." आणि थोड्या वेळानं, "एकटीनं नाही लिहिणार मी. अर्धवट कामावर माझं नाव मला नको."

इथं गोष्ट संपती तर डॉक्टर सुखी झाली असती. पण आई बाबांच्या भाड्याच्या खोल्यांत पाऊल टाकायला तयार नव्हती, आणि आईच्या घरी जायला बाबांना संकोच. मग मोकळी जागा उरली कुठली? दवाखाना. रोज एक ते दोन.

सहा आठवडे हा प्रकार चालला. बाहेरच्या बाकासमोरच्या टेबलावर मायक्रोस्कोप आला. मासिकं खाली गेली, टिपकागद वर आले. काउंटरवरच्या बाईंनी आधी तोंड वाकडं केलं, मग एक दिवस त्याच विचारताना दिसल्या, "आज गालावरची भोकं मोजून झाली का?" दोनच्या पेशंटना वेळेआधी यायची चटक लागली. व्यायामशिक्षकाच्या दाढेचं काम केव्हाच संपलं होतं, तरी तो दोनदा येऊन गेला. आणि भांडणं? एका स्वल्पविरामावरून बुधवार ते शनिवार. राखाडी म्हणायचं की राखी, यावर पूर्ण एक दुपार. डॉक्टर आत दार लावून डबा खाई आणि दारातून आवाज येई, "ठकी, जरा बाहेर ये. तूच सांग, याला ठिपका म्हणशील की डाग?"

"मी जेवतेय!"

"जेवून झाल्यावर सांग."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही जळायला तयार नव्हता. नवरा समजूत घालायचा, की बोलतात तरी, हे काय कमी आहे. त्यावर डॉक्टर म्हणे, तू दुपारी एकला येऊन बसत जा मग. तो बिचारा खरंच एकदा येऊन बसला, आणि ठिपका की डाग यात दोघांनाही हो म्हणून गेला.

एका मंगळवारी लेख पुरा झाला. फक्त नाव ठरायचं राहिलं होतं. आईला ते डोळ्याखालच्या काजळरेघेवरून हवं होतं. बाबांचं म्हणणं, रेघ फक्त मादीला असते, मग नरानं काय घोडं मारलंय. नाव चिखलावरून ठेवा, चिखल दोघांचाही. दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा कारणं लिहून काढण्यात आली होती. डॉक्टरनं त्या दिवशी ठरवलंच होतं, आज यांना शेवटचं सांगायचं. ती दार उघडून बाहेर आली, आणि तिला दिसलं की बाबा एका हातात कागद धरून कारणं वाचून दाखवताहेत आणि दुसऱ्या हातानं गाल धरून बसलेत.

"काय झालं गालाला?"

"काही नाही."

"बाबा, आ करा."

"अगं, खरंच काही..."

"आ करा."

तिनं तिथंच, खिडकीच्या उजेडात पाहिलं. खालची डावी दाढ मधोमध उभी चिरलेली. हिरडी लाल, टच्च फुगलेली.

"हे केव्हापासून दुखतंय?"

"असेल... पाच-सहा आठवडे."

डॉक्टरला वाटलं, आपल्याला काहीतरी चुकीचं ऐकू आलं. "पाच-सहा आठवडे? बाबा, तुम्ही रोज दातांच्या दवाखान्यात येताय! रोज! दातांच्या दवाखान्यात बसून, दाताचा एक शब्द काढला नाही तुम्ही?"

"तू कामात असायचीस," बाबा म्हणाले. "आणि जेवणाची सुट्टी तेवढीच. त्यात आणखी माझी भर कशाला, म्हटलं. एका बाजूनं चावत होतो."

तिला ओरडायचं होतं. सहा आठवड्यांचं सगळं एकदम बाहेर काढून, बरण्या, ठिपके, स्वल्पविराम, सगळं सुनवायचं होतं. पण समोर आ करून बसलेला तो म्हातारा इतका अपराधी दिसत होता की तिनं तो सगळा राग एका वाक्यात कोंबला. "खुर्चीत बसा. आत्ता. दाढ काढायची आहे."

तिनं इंजेक्शन भरायला घेतलं तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

"त्यांना पेनिसिलिन चालत नाही. अंगावर पुरळ उठतं. लक्षात आहे ना तुझ्या?"

"आहे, आई."

"आणि भूल उशिरा चढते. घाई करू नकोस."

"आई, बाहेर बस."

आई बाहेर गेली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली. दाढ हट्टी निघाली, मालकासारखी. तुकड्या-तुकड्यांनी यावं लागलं तिला. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. अर्ध्या वाटेत डॉक्टरनं मान वर केली तेव्हा आईचं स्टूल खुर्चीला लागलेलं होतं आणि खुर्चीच्या हातावर आता दोन हात होते. डॉक्टरनं मान खाली घातली आणि काम पुरं केलं.

"हा बोळा घट्ट दाबून धरा," ती म्हणाली. "अर्धा तास तोंड उघडायचं नाही. एक अक्षर बोलायचं नाही. रक्त पुन्हा सुरू झालं तर मी जबाबदार नाही."

बाबांनी मान हलवली. डॉक्टर हातमोजे काढून नळाकडे वळली. पाठीमागे पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला, मग कागदाचा.

"अर्धा तास ना?" आई म्हणाली. "बरं. तर मग नावाचं उरकून घेऊ. काजळरेघेवरून ठेवतेय मी. काही हरकत असेल तर आत्ता सांगा."

बाबा ताडकन उठून बसले. त्यांनी दोन्ही हात हलवले, गालाकडे बोट दाखवलं, कागदाकडे दाखवलं, छताकडे दाखवलं. घशातून मोठमोठे हुंकार निघाले.

"बाबा, तोंड बंद!" डॉक्टर ओरडली.

"हरकत नाही, असं लिहिते," आई म्हणाली, आणि तिनं पेनाचं टोपण काढलं.